आलोहा मंडळी! : पिकनिक कमिटीला एक खुलं पत्र

मराठी मंडळाची कार्यकारिणी, पिकनिक कमिटी, आणि ग्रुपवर जे जे कोणी 'मस्त थीम' म्हणून अंगठे टाकून मोकळे झालेत त्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आपल्या पिकनिकचं फ्लायर परवा ग्रुपवर आलं. वर 'आलोहा मंडळी!', खाली नारळाची झाडं, बाजूला गवताचा घागरा घातलेली बाई, त्याखाली 'थीम : हवाई, फुलाफुलांचे शर्ट घालून या, लेई (गळ्यात घालायच्या फुलांच्या माळा) मंडळातर्फे', आणि तळाला बारीक अक्षरात वडापाव आणि मिसळ. मी विचारलं की थीम बदलता येईल का, तर पाच मिनिटांत उत्तर, ताई एवढं सिरियस कशाला घेता, पिकनिकच तर आहे. बरोबर आहे, पिकनिकच आहे. पण माझं म्हणणं ग्रुपवर चार ओळींत मावणारं नव्हतं म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मला ओळखत नसाल तर, रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांच्या वर्गाला शिकवते ती मीच, सहा वर्षं झाली. पिकनिकला वडे तळायला पण मीच असते, तेव्हा मंडळाच्या विरोधात वगैरे काही नाही.

तर झालं असं की गेल्या डिसेंबरात आम्ही होनोलुलूला गेलो होतो. सगळे करतात तेच केलं, बीच, पर्ल हार्बर, अननसाचं आइस्क्रीम. शेवटच्या दिवशी फ्लाइट रात्रीची आणि हॉटेल सकाळी अकराला सोडायचं, मधला वेळ काढायचा कुठे म्हणून डाउनटाउनमधल्या इओलानी पॅलेसमध्ये शिरलो. आत जाताना बुटांवर कापडी पिशव्यांसारखं काहीतरी चढवायला लावतात, लाकडी जमिनीला ओरखडे पडू नयेत म्हणून, त्यामुळे सगळेच जण घसरत घसरत चालतात. खाली सिंहासनाचा हॉल, वर झोपायच्या खोल्या. इथे विजेचे दिवे व्हाइट हाउसच्याही आधी लागले होते, १८८० च्या दशकात, हे ऐकून माझा अकरा वर्षांचा मुलगा एकदम इम्प्रेस. मग वरच्या मजल्यावर एक खोली आली. बाकीच्या खोल्या फर्निचरने भरलेल्या आणि हिच्यात जवळजवळ काहीच नाही, फक्त काचेच्या पेटीत एक गोधडी.

क्विल्ट म्हणतात ते लोक, पण मला ती गोधडीच दिसली. रेशमाचे मखमलीचे तुकडे वेडेवाकडे जोडलेले, मध्ये हवाईचे झेंडे, आणि टाके घालून लिहिलेली नावं आणि तारखा. माझी आजी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची, कुठला तुकडा कोणाच्या बारशाचा आणि कुठला कोणाच्या लग्नाचा हे बोट ठेवून सांगायची, मला एकदम तीच आठवली. ही गोधडी हवाईच्या शेवटच्या राणीची, लिलिउओकलानीची. १८९५ मध्ये या खोलीत तिला आठेक महिने कोंडून ठेवलं होतं, तिच्याच राजवाड्यात. खटला चालला तोही खालच्या सिंहासनाच्या हॉलमध्ये, लष्करी कोर्टापुढे. शिक्षा काय तर पाच वर्षं सक्तमजुरी आणि पाच हजार डॉलर दंड (मजुरी प्रत्यक्षात करून घेतली नाही, खोलीत डांबलं). वर्तमानपत्र वाचायला बंदी. तिच्यासाठी बागेतली फुलं यायची ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, आणि त्या कागदावरून तिला बाहेर काय चाललंय ते कळायचं.

मुलाने विचारलं, आई, हिला जेलमध्ये कोणी टाकलं, ब्रिटिशांनी?

बघा म्हणजे. राजाराणीला कैद केलं म्हटलं की आपल्या पोरांच्या तोंडात पहिलं नाव ब्रिटिशांचं, आणि ते आपणच घातलंय. शिवाजी महाराज, मग पेशवे, मग ब्रिटिश आले, लुटलं, मग टिळक-गांधी, आणि अमेरिकेनेही आपल्यासारखंच ब्रिटिशांना हाकललं म्हणून ४ जुलै आणि १५ ऑगस्ट भाऊ-भाऊ. हे वाक्य मी स्वतः वर्गात बोललेय, फळ्यावर दोन्ही झेंडे काढून. त्या गोष्टीत अमेरिका कधी कोणाच्या घरात घुसतच नाही. मी त्याला म्हटलं, नाही रे, अमेरिकेने. म्हणजे तिथल्याच काही अमेरिकन लोकांनी, पण मागे अमेरिकेची बंदूक. तो म्हणाला, पण का? आणि मला नीट सांगता आलं नाही. घरी आल्यावर वाचत बसले, ते सगळं या पत्रात येतंय.

उत्तर एका शब्दात द्यायचं तर साखर. पण त्याआधी मिशनरी, आणि त्यात आपलाही एक धागा आहे जो मला माहीतच नव्हता. बोस्टनच्या बाजूला ब्रॅडफर्ड गावात १८१० साली अमेरिकन बोर्ड नावाची मिशनरी संस्था निघाली. तिची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली, तीच आपली अमेरिकन मराठी मिशन. मराठीचे टाइप पाडणारा मुंबईतला त्यांचा छापखाना, 'ज्ञानोदय', नगरची मिस फरारबाईंची मुलींची शाळा, जी बघून जोतीरावांना मुलींसाठी शाळा काढायची उमेद आली, हे सगळं त्यांचंच. आणि त्याच बोर्डाची आणखी एक तुकडी १८२० मध्ये हवाईला पोचली. तिथेही तेच, बोलीला लिपी दिली, छापखाना टाकला, शाळा काढल्या, काही वर्षांत तिथले लोक मोठ्या संख्येने लिहा-वाचायला लागले. इथपर्यंत दोन्ही गोष्टी सारख्याच. फरक एवढाच की मुंबईत आणि नगरला त्यांच्या डोक्यावर इंग्रज सरकार बसलेलं होतं, हवाईत डोक्यावर बसणारं तसं कोणी नव्हतं. १८४८ मध्ये तिथे जमिनीची वाटणी झाली (इकडे त्याच साली सातारा खालसा झालं), १८५० मध्ये परक्यांना जमीन विकत घ्यायची मुभा मिळाली, आणि कितीतरी मिशनऱ्यांची मुलं-नातवंडं उसाच्या मळ्यांची मालक होऊन बसली. आजोबा बायबल घेऊन आले, नातू सातबारा घेऊन बसला.

कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना ऊस आला की मागून राजकारण येतं हे मी काय सांगू. १८७५ च्या तहाने हवाईची साखर अमेरिकेत बिनकराची जायला लागली आणि मळे फोफावले. १८८७ मध्ये या मळेवाल्यांच्या गटाने राजा कलाकाउआला बंदुकांच्या धाकाने नवी राज्यघटना सही करायला लावली, तिचं नावच पडलं संगिनीची घटना, तिच्याने राजाचे अधिकार गेले आणि मालमत्तेची अट घालून गरीब हवाईयनांचा मतदानाचा हक्कही गेला. तह पुढे चालू ठेवायचा म्हणून त्याच साली पर्ल हार्बर अमेरिकेच्या नौदलाला वापरायला दिलं. हा कलाकाउआ बरं का, १८८१ मध्ये जगाची सफर करताना कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईला येऊन गेलेला. म्हणजे फ्लायरवरच्या नारळाच्या झाडांच्या देशाचा राजा आपल्या मुंबईत उतरला होता आणि आपल्याला त्याचं नावही ठाऊक नाही.

मग १८९० मध्ये अमेरिकेने सगळ्यांच्याच कच्च्या साखरेवरचा आयातकर काढला आणि देशातल्या उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट बक्षीस लावलं. हवाईच्या मळेवाल्यांची सवलत गेली पाण्यात. आता उपाय काय तर हवाई बेट उचलून अमेरिकेच्याच आत टाकायचं, म्हणजे आपली साखरही देशातली. हे एकच कारण होतं असं नाही, कलाकाउआनंतर त्याची बहीण लिलिउओकलानी राणी झाली होती, तिने नवी घटना आणून राज्याचे गेलेले अधिकार परत घ्यायचं ठरवलं होतं हे तर जास्तच झोंबलं. जानेवारी १८९३ मध्ये तेरा जणांची 'सुरक्षा समिती' बसली, पुढारी कोण तर १८२० च्या जहाजातून आलेल्या मिशनऱ्याचा नातू, लॉरिन थर्स्टन. अमेरिकेचा तिथला वकील स्टीव्हन्स त्यांना सामील. १६ जानेवारीला 'बोस्टन' या युद्धनौकेवरून १६२ सैनिक उतरले, आणि उभे राहिले ते अमेरिकनांच्या घरांपाशी नाही तर राजवाड्याच्या जवळ. दुसऱ्या दिवशी राणीने राज्य सोडलं, पण लिहून ठेवलं की मी या बंडवाल्यांपुढे नाही, अमेरिकेच्या जास्त मोठ्या ताकदीपुढे माघार घेतेय. स्टीव्हन्सने वॉशिंग्टनला कळवलं की हवाईचं फळ आता पुरतं पिकलंय, तोडायची हीच सोन्यासारखी वेळ आहे.

यातला एक माणूस मला आवडतो, तेव्हा नुकतेच पदावर आलेले राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड. त्यांनी चौकशी लावली आणि डिसेंबर १८९३ मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, सरळ सांगितलं की झालं ते युद्धाचं कृत्य होतं आणि आपल्याकडून अन्याय झालाय. बोलले खरं, पण राज्य काही परत मिळालं नाही. बंडवाल्यांनी वाट बघितली, आणि मधल्या काळासाठी हवाईचं 'प्रजासत्ताक' जाहीर करून टाकलं. तारीख, १८९४ ची ४ जुलै, मुद्दाम निवडलेली. अध्यक्ष सॅनफोर्ड डोल, तेही मिशनऱ्याचेच चिरंजीव. अननसाच्या डब्यावर जे नाव असतं ना ते त्यांच्याच नात्यातल्या माणसाचं, तो नंतर आला.

म्हणजे आपण ज्या दिवशी हवाईची थीम करतोय त्याच दिवशी राणीचं राज्य घालवणाऱ्यांनी आपलं प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. कमिटीला हे माहीत असणं शक्यच नाही, मलाही नव्हतं, म्हणून मी कोणावर चिडलेली नाहीये.

पुढचं वाचताना मला सारखे रंगो बापूजी आठवत होते. सातारचे प्रतापसिंह महाराज, १८३९ मध्ये कंपनीने गादीवरून उतरवून काशीला पाठवलेले, आणि त्यांची बाजू मांडायला लंडनला जाऊन वर्षानुवर्षं उंबरे झिजवणारे रंगो बापूजी. अर्ज, पत्रकं, भाषणं, आणि शेवटी हात हलवत परत. इकडे १८९७ मध्ये हवाईच्या लोकांनी बेटाबेटांवर फिरून सामिलीकरणाच्या विरोधात २१ हजारांवर सह्या गोळा केल्या. मूळ हवाईयन लोकसंख्या तेव्हा साधारण ४० हजार, म्हणजे घरटी माणूस सही करून गेला असणार. बायकांच्या सह्यांची पानं वेगळी, पुरुषांची वेगळी. चार प्रतिनिधी ती बाडं घेऊन वॉशिंग्टनला गेले, राणी आधीच तिथे होती. आणि ते जिंकले! तहाला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, ती जमेनात. रंगो बापूजींना जे जमलं नाही ते यांना जमलं, फक्त काही महिन्यांपुरतं. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटलं, पॅसिफिकमध्ये बोटींना कोळसा भरायला ठाणं पाहिजे अशी ओरड झाली, आणि तहाच्या भानगडीत न पडता दोन्ही सभागृहांचा साधा ठराव करून, साध्या बहुमताने, हवाई घेतलं. १२ ऑगस्टला इओलानी पॅलेसवरचा झेंडा उतरवला, दुसरा चढवला.

आणि एक गोष्ट खास आपल्या मराठी शाळेसाठी. १८९६ मध्ये तिथे कायदा झाला की शाळेतली भाषा इंग्रजीच. त्याआधी जे लोक स्वतःच्या भाषेत वर्तमानपत्रं काढत होते त्यांची नातवंडं आजीशी तिच्या भाषेत बोलेनाशी झाली, १९८० च्या आसपास ती भाषा बोलणारी लहान मुलं अगदीच थोडी उरली होती. मग १९८४ मध्ये काही लोकांनी बालवाडीपासून परत सुरुवात केली, फक्त हवाईयन बोलायचं असा नियम करून. आपण दर रविवारी शाळेच्या कॅफेटेरियात पोरांना 'ळ' म्हणायला लावतो आणि 'न' आणि 'ण' वरून भांडतो, आपल्याला हे दुखणं कळायला पाहिजे. आपण तर आपल्या पायांनी इथे आलो, ते कुठे गेले नव्हते.

आता कोणी म्हणेल एका राणीचं वाईट झालं, इतिहासात असं होतंच. पण हवाई एकटं नव्हतं. १८९८ हे वर्ष या देशाने अधाशासारखं खाल्लंय. म्हणजे भूक तशी जुनीच, १८५६ मध्येच यांनी कायदा केला होता की कुठल्याही अमेरिकन नागरिकाला पक्ष्यांच्या विष्ठेने भरलेलं मोकळं बेट सापडलं तर ते अमेरिकेचं, कारण ती विष्ठा खत म्हणून सोन्याच्या भावाने जायची. (हे मी बनवलेलं नाही.) पण ९८ मध्ये माणसांनी भरलेली बेटं घेतली.

ग्वामची गंमत तर सिनेमात शोभेल. जून १८९८ मध्ये अमेरिकन युद्धनौका तिथे पोचली आणि किल्ल्यावर तोफा डागल्या. तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना युद्ध सुरू झालंय याचा पत्ताच नाही, कित्येक आठवडे टपाल आलेलं नव्हतं. ते होडीत बसून बोटीवर गेले आणि म्हणाले, आपण सलामी दिलीत, आम्हाला उलट सलामी देता आली नाही, माफ करा, दारू संपलीये. तेव्हा त्यांना सांगितलं की तुम्ही कैदी आहात. ग्वाम आजही अमेरिकेकडेच आहे.

क्युबाचं प्रकरण मराठी माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. युद्धाआधी ठराव केला की क्युबा आम्हाला नको, आम्ही फक्त स्पेनला घालवणार. स्पेन गेलं, अमेरिकन फौज राहिली, आणि १९०१ मध्ये अट घातली की तुमच्या घटनेत लिहा, तुम्ही परक्यांशी वाटेल तसे तह करणार नाही, कर्ज आमच्या नजरेखाली काढाल, गरज वाटेल तेव्हा आम्ही फौज घालू, आणि नाविक तळाला जागा द्याल. ही तैनाती फौज नाही तर काय? दुसऱ्या बाजीरावाने १८०२ मध्ये वसईला याच्यापेक्षा वेगळं काय सही केलं होतं? वर्गात मुलांना वसईचा तह पाठ असतो, प्लॅट दुरुस्ती (क्युबावर घातलेल्या या अटींचं नाव) म्हटलं की कोणालाच काही माहीत नाही. त्या नाविक तळाच्या जागेचं नाव ग्वांतानामो, भाडं पुढे वर्षाला ४,०८५ डॉलर ठरलं, दर वर्षी चेक जातो आणि क्युबा सरकार तो वटवत नाही. आपल्यापैकी कित्येकांचं एका महिन्याचं घराचं भाडं तेवढं आहे.

पोर्तो रिकोवर मात्र मला थोडं थांबायचंय कारण आपल्यातली निम्मी मंडळी क्रूझवर तिथे जाऊन आलीत. ग्रीन कार्डच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षं बसलेल्या माणसाला मत नाही, आणि तरी टॅक्स आहे, यावर आपल्या पार्ट्यांमध्ये दर दिवाळीला वाद होतो. आता हे बघा, पोर्तो रिकोची माणसं १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, पासपोर्ट निळाच, सैन्यात भरती होतात, लढाईत मरतात, पण बेटावर राहत असतील तर राष्ट्राध्यक्षाला मत नाही आणि काँग्रेसमध्ये मत देणारा प्रतिनिधी नाही. कारण काय तर संत्री! सॅन हुआनहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर ६५९ डॉलर ३५ सेंट कर लावला, व्यापारी कोर्टात गेला की मी आता देशातच माल आणतोय ना, मग आयातकर कसला. १९०१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोर्तो रिको अमेरिकेच्या मालकीचं आहे पण अमेरिकेचा भाग नाही, आणि एका न्यायमूर्तींनी तर शब्दच काढला, घरगुती अर्थाने परदेशी. किती वेळा वाचलं तरी मला हा शब्द पचत नाही. घरात काम करणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवतात ना, तिला 'आमच्या घरातलीच आहे' म्हणत म्हणत, तसं वाटतं.

आणि फिलिपाइन्स. इथे मी हलकंफुलकं काही लिहू शकत नाही. तिथल्या लोकांनी स्पेनशी लढून १२ जून १८९८ ला स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, आगिनाल्दो त्यांचा पुढारी. डिसेंबरात पॅरिसला स्पेन आणि अमेरिका टेबलावर बसले, फिलिपिनो वकील दाराबाहेर, आणि दोन कोटी डॉलरला देश विकला गेला. डोकी मोजली तर माणशी तीन डॉलरसुद्धा पडत नाहीत. आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली होती आठवतंय? अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना सोडवलं. अर्पण करताना त्यांच्या मनात कुठलीही शंका नसणार, असायचं कारणही नव्हतं. त्यानंतर फक्त पंचवीस वर्षांनी ही खरेदी.

फेब्रुवारी १८९९ मध्ये युद्ध सुरू झालं. अमेरिकेचे चार हजारांवर सैनिक मेले, फिलिपिनो सैनिक सुमारे वीस हजार, आणि मारामारी, उपासमार, कॉलरा मिळून साधी माणसं दोन लाखांपर्यंत गेली असं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेच मानलंय. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतून पोट फुगवायचं आणि मग दाबायचं, या छळाला 'पाण्याचा उपाय' असं औषधासारखं नाव होतं. सामार बेटावर बालांगिगा गावात सप्टेंबर १९०१ मध्ये गावकऱ्यांनी हल्ला करून ४८ अमेरिकन सैनिक मारले, तर जनरल स्मिथने हुकूम सोडला की दहा वर्षांच्या वरचा जो कोणी हत्यार धरू शकेल त्याला मारा, बेटाचं ओसाड रान करा. नंतर त्याच्यावर खटला झाला, शिक्षा म्हणून समज दिली आणि घरी पाठवला. त्या गावच्या चर्चच्या तीन घंटा सैन्याने विजयाची खूण म्हणून उचलून नेल्या. दोन वायोमिंगमध्ये होत्या, एक रेजिमेंटबरोबर फिरत फिरत कोरियात. ११७ वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये त्या गावाला परत मिळाल्या.

इथे कोणीतरी मला पकडायच्या आधी मीच सांगते, आपल्याकडेही घंटा आहेत. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, भीमाशंकरला आहे, मेणवलीला आहे, आपण तिच्याखाली उभं राहून सेल्फी काढतो. मीही काढलाय. तेव्हा कोणी साजूक तुपातलं नाही हे मान्यच आहे, पण मेणवलीची घंटा कोणाची हे आपण पोरांना सांगतो तरी.

फिलिपाइन्सच्या या युद्धाचा शेवट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी जाहीर केला ती तारीख १९०२ ची ४ जुलै. आणि शेवटी फिलिपाइन्सला स्वातंत्र्य दिलं ती १९४६ ची ४ जुलै. परत तीच. लोकांनी १९६२ मध्ये आपला स्वातंत्र्यदिन हलवून १२ जूनला नेला, स्वतः जाहीर केला होता त्या दिवसावर. माझ्या ऑफिसमध्ये एक फिलिपिनो मैत्रीण आहे, तिला मी हे सगळं वाचून उत्साहाने सांगायला गेले, ती डबा खाता खाता म्हणाली, हो ना, आम्हाला शाळेतच असतं. बस, एवढंच. मला उगीचच लाज वाटली.

'मग एवढं वाईट आहे तर परत जा की इंडियाला', हे ग्रुपवर येणार हे मला माहितेय, म्हणून आधीच. हे सगळं मला अमेरिकन लायब्ररीत, अमेरिकन पुस्तकांत, अमेरिकन सरकारच्या कागदांत मिळालं. आणि तेव्हा विरोध करणारे कोण होते? १८९८ मध्ये बोस्टनलाच साम्राज्यविरोधी लीग निघाली, कार्नेगीसारखा गडगंज श्रीमंत तिच्यात होता, मार्क ट्वेन होते. हे ट्वेन १८९६ च्या जानेवारीत मुंबईत येऊन गेलेले, आणि १९०० मध्ये न्यूयॉर्कला बोटीतून उतरल्या उतरल्या म्हणाले की गरुडाने दुसऱ्याच्या जमिनीत नखं रोवायला माझा विरोध आहे. उलट अमेरिकेला 'फिलिपाइन्स घ्या, गोऱ्या माणसाचं ओझं उचला' म्हणून कविता करणारा किपलिंग जन्मला आपल्या मुंबईत, जेजे स्कूलच्या आवारात. तेव्हा कोण कुठला यावर जाऊ नका.

आता पिकनिकचं. रद्द करा असं मी म्हणत नाहीये, हॉल बुक झालाय, डिपॉझिट गेलंय, लेईंची खोकी आलीत हेही कळलं. फक्त कल्पना करा की १९०० साली लंडनच्या एखाद्या क्लबात 'पुणे थीम' झाली असती, गोऱ्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पगड्या, नाकात क्लिपवाल्या नथी, कोपऱ्यात शनिवारवाड्याचं कटआउट, आणि वर 'नमस्कार मंडळी!'. तिथे शिकायला गेलेला आपला एखादा पोरगा दारातून काय बघत उभा राहिला असता. तो गवताचा घागरा तर मुळात हवाईचा पण नाही, दुसऱ्या बेटांवरून आलेला, आणि हुला नाचावर मिशनऱ्यांच्या नादाने १८३० मध्ये बंदी आली होती, कलाकाउआने तो परत दरबारात आणला. ज्या पोरांना आपण लावणीचं सांगतो, तमाशावर नाकं मुरडली गेली ते सांगतो, त्यांना हे सांगायला काय अवघड आहे.

मागण्या माझ्या दोन-तीनच आहेत. फ्लायरवरची घागरेवाली बाई काढा, तिच्या जागी मी काढलेला गोधडीचा फोटो देते, नाहीतर नुसती झाडं राहू देत. मुलांच्या खेळांच्या वेळात मला वीस मिनिटं द्या, मी प्रोजेक्टर आणते, आणि माझा मुलगा म्हणतो की राणीबद्दल तो बोलेल, मराठीत, म्हणजे त्याच्या मराठीत.

आणि क्विझ. ड्राफ्टमध्ये सातवा प्रश्न आहे, 'हवाई अमेरिकेत कधी आलं?', उत्तर १९५९. 'आलं' हे क्रियापद बघा, पाहुणा यावा तसं. १९५९ ला राज्य झालं हे खरं, लोकांनी मतदान केलं हेही खरं, प्रचंड बहुमताने, फक्त मतपत्रिकेवर स्वतंत्र व्हायचं का असा पर्यायच नव्हता. १९९३ मध्ये काँग्रेसने ठराव करून माफी मागितली, क्लिंटन यांनी सही केली, त्यात राणीचं राज्य बेकायदा घालवलं आणि १८ लाख एकर जमीन मोबदला न देता गेली हे कबूल आहे, आणि शेवटी हेही आहे की यावरून कुठलाही दावा निकाली निघाला असं समजू नये. मुलाने हे ऐकून विचारलं, म्हणजे सॉरी म्हणाले पण परत नाही दिलं? तर प्रश्न असा करा, 'हवाईचं राज्य कोणी, कधी, कसं खालसा केलं?' आपल्याकडे यासाठी चांगला दीडशे-पावणेदोनशे वर्षं वापरलेला शब्द आहे, तो वापरू.

शेवटचं डीजेच्या लिस्टबद्दल. जेवणाच्या वेळेला 'आलोहा ओए' लावलंय. ते गाणं लिलिउओकलानीने लिहिलेलं आहे, राणी व्हायच्या बरीच वर्षं आधी, १८७८ च्या सुमारास, निरोपाचं गाणं आहे. लावायचं तर जरूर लावा, पण मिसळीच्या लाइनीत कोणी तर्रीसाठी ओरडत असताना नको, माझ्या वीस मिनिटांनंतर लावा, आणि एकदा पूर्ण वाजू द्या.

वड्यांचं सारण मी आदल्या रात्री करून ठेवते. बटाटे किती पौंड ते मात्र लवकर कळवा.

आपली,
रविवारच्या शाळेतली ताई